मांडीवरचे बाळ आणि मागच्या सीटचा पट्टा

प्रतिनिधी

बाळ आणि बाळंतीण प्रसूतिगृहातून घरी यायला निघतात, तेव्हा घरातील प्रत्येक जण काळजीने वागत असतो. बाळाच्या डोक्याला कुंची असते, वारा लागू नये म्हणून गाडीच्या काचा वर केलेल्या असतात, ‘गाडी हळू चालव’ असे चालवणाऱ्याला दोनदा बजावून झालेले असते. आजी मागच्या सीटवर बसते, बाळ तिच्या मांडीवर दिले जाते आणि गाडी निघते. एवढ्या काळजीत एक गोष्ट मात्र राहून गेलेली असते. आजीने सीटबेल्ट लावलेला नसतो आणि बाळाला बांधून ठेवण्याची कोणतीही सोय गाडीत नसते.

याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मूल मांडीवर सर्वांत सुरक्षित असते, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे आणि घरात ती खरीही आहे. धावत्या मोटारीत ती खरी राहत नाही. त्याचप्रमाणे ‘पट्टा पुढे बसणाऱ्यांनी लावायचा, मागे त्याची गरज नाही’ ही दुसरी समजूतही तितकीच चुकीची आहे. या दोन्ही समजुतींची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. सीटबेल्ट आणि लहान मुलांच्या सीट यांविषयी प्रत्येक मोटारधारकाला ठाऊक असावी अशी माहिती येथे एकत्रित देत आहोत.

मागच्या सीटचे दोन धडे

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर एक आलिशान मोटार आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा या अपघातात मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांच्या तपासात निष्पन्न झाले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, तिच्यात एअरबॅग होत्या, मागच्या सीटला पट्टेही होते. ते वापरलेले नव्हते, एवढेच.

त्याआधी ३ जून २०१४ रोजी तत्कालीन केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत मोटार अपघातात निधन झाले. तेही मागच्या सीटवर बसले होते. मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो या गैरसमजामुळे आपण एक मित्र गमावला, पट्टा लावला असता तर त्यांचे प्राण वाचू शकले असते, अशा आशयाचे उद्गार तत्कालीन केंद्रीय मंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे काढले होते.

ज्यांची नावे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली नाहीत, त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १६ हजार ७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. यात ८ हजार ३८४ चालक होते आणि ८ हजार ३३१ प्रवासी. म्हणजे पट्ट्याविना प्राण गमावणाऱ्यांत जवळजवळ निम्मे लोक गाडी चालवतही नव्हते.

तिसऱ्या मजल्याचे गणित

पट्टा कशासाठी, हे समजण्यासाठी शाळेतील भौतिकशास्त्र पुरेसे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. गाडीत बसलेल्या माणसाचा वेगही तेवढाच असतो. समोर काही आदळून गाडी थांबली तरी माणूस थांबत नाही. कशावर तरी आपटेपर्यंत तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका असतो. शहरात सहज गाठला जाणारा ताशी ४० किलोमीटरचा वेग धरला तरी ही उंची सहा मीटरच्या पुढे जाते. ‘जवळच तर जायचे आहे’ किंवा ‘गावात कुठे वेग असतो’ हे म्हणणे त्यामुळेच टिकत नाही.

आता थांबण्याच्या अंतराचा विचार करू. गाडीचा पुढचा भाग आदळताना चेपतो आणि पट्टा थोडासा ताणला जातो. या दोहोंमुळे पट्टा लावलेल्या माणसाला थांबण्यासाठी समजा साठ सेंटिमीटर अंतर मिळाले, तर त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या साधारण सोळा पट जोर येतो. निरोगी प्रौढ माणसाचे शरीर तो जोर अत्यल्प काळ सहन करू शकते. पट्टा न लावलेला माणूस मात्र पुढच्या सीटवर किंवा डॅशबोर्डवर आपटून अवघ्या पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हाच आकडा दोनशे पटींच्या घरात जातो. पट्टा धक्का नाहीसा करत नाही. तो धक्का अधिक वेळात आणि शरीराच्या मजबूत हाडांवर विभागून देतो.

हेच गणित मांडीवरच्या बाळाला लावून पाहावे. दहा किलो वजनाच्या मुलाला त्या क्षणी धरून ठेवायचे तर सोळा पट, म्हणजे सुमारे १६० किलोचा जोर पेलावा लागतो. सिमेंटच्या तीन पोत्यांहून अधिक असा हा भार, तोही सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी वेळात, कोणतीही सूचना न मिळता! जगातील कोणतीही आई हे करू शकत नाही आणि तो तिच्या मायेचा दोष नव्हे. ज्या मोठ्या व्यक्तीच्या मांडीवर मूल आहे तिनेही पट्टा लावला नसेल, तर मूल तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये चिरडले जाण्याचा धोका असतो. मूल आणि आई यांच्याभोवती मिळून एकच पट्टा लावणे हेही तितकेच घातक, कारण तेव्हा आईच्या शरीराचा सगळा भार मुलावर येतो.

साध्या पट्ट्याचा इतिहास

आज प्रत्येक गाडीत दिसणारा तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा स्वीडनमधील अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीसाठी तयार केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत असत. तोवरचे पट्टे केवळ पोटावरून जाणारे असत आणि अपघातात ते पोटातील अवयवांना इजा करत. बोलिन यांच्या पट्ट्याचा एक भाग ओटीपोटाच्या हाडांवरून आणि दुसरा छातीवरून तिरपा जातो. शिवाय तो एका हाताने लावता येतो. कंपनीने या शोधाचे पेटंट इतर मोटार उत्पादकांसाठी खुले ठेवले.

पट्टा असणे आणि तो लावला जाणे या दोन गोष्टींमधील अंतर मात्र कायद्याला भरून काढावे लागले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा लावणे सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवरील सक्ती १९८३ मध्ये आली आणि मागे बसणाऱ्या प्रौढांना ती लागू व्हायला १९९१ साल उजाडले. मागच्या पट्ट्याबाबतची उदासीनता केवळ आपल्याकडची नाही, हे यावरून दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पट्टा लावल्याने मोटारीतील व्यक्तीचा मृत्यूचा धोका ५० टक्क्यांपर्यंत कमी होतो. लहान मुलांसाठीच्या खास सीटमुळे तान्ह्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत घटू शकतात, असेही ही संघटना सांगते.

पट्टा लावण्याची योग्य पद्धत

चुकीच्या पद्धतीने लावलेला पट्टा संरक्षण कमी करतो, प्रसंगी इजाही करतो. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

* पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नव्हे, तर शक्य तितका खाली, कमरेच्या हाडांवर आणि मांड्यांच्या वरच्या टोकाला टेकलेला असावा.

* तिरपा भाग खांद्याच्या मधोमध, गळपट्टीच्या हाडावरून आणि छातीच्या मध्यावरून जावा. मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेणे किंवा पाठीमागे टाकणे धोक्याचे आहे. बऱ्याच गाड्यांत दरवाजालगतच्या खांबावर पट्ट्याची उंची कमी-जास्त करण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा.

* पट्टा पिळलेला नसावा. पिळलेल्या पट्ट्याचा जोर अरुंद जागेवर येतो. पदर, ओढणी, जॅकेट किंवा खिशातील जाड वस्तू पट्ट्याखाली दबलेल्या नसाव्यात.

* लावल्यानंतर वरचा भाग ओढून ढिलाई काढावी. इस्त्री मोडू नये म्हणून चिमटा लावून पट्टा सैल ठेवण्याची सवय अनेकांना असते. ती घातक आहे.

* प्रवासात सीट फार मागे झुकवून झोपू नये. आडव्या स्थितीत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा पोटात किंवा गळ्यात रुततो.

* गरोदर स्त्रियांनी पट्टा अवश्य लावावा. खालचा भाग पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर आणि वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने जावा. गर्भावरून पट्टा कधीही घेऊ नये. पट्टा न लावणे हे आई आणि गर्भ दोघांसाठीही अधिक धोक्याचे असते.

पट्टा झटक्याने ओढला असता तो जागीच अडकला पाहिजे. अडकत नसेल, कडा उसवल्या असतील किंवा सोडल्यावर तो पूर्ण आत गुंडाळला जात नसेल, तर गॅरेजमध्ये दाखवावा. मोठ्या अपघातात ताणला गेलेला पट्टा वरून चांगला दिसला तरी बदलावा.

मागचा पट्टा पुढच्यांसाठीही

मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही तर धोका त्याच्यापुरताच, असेही नाही. आदळण्याच्या क्षणी तो पूर्ण वेगाने पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन पडतो आणि पुढचा माणूस पट्टा व त्याचा भार यांच्यामध्ये सापडतो. जपानमधील संशोधकांनी तेथील अपघातांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. मागचे प्रवासी पट्ट्याविना असतील, तर पट्टा लावूनही पुढे बसलेल्यांचा मृत्यूचा धोका सुमारे पाच पट होतो, असे त्यांना आढळले. मागे बसलेल्या आजोबांना पट्टा लावायला सांगणे हा उद्धटपणा नसून स्वतःचा आणि त्यांचा जीव वाचवणे आहे, हे तरुण चालकांनी निःसंकोच समजून घ्यावे.

आपल्याकडे मागचा पट्टा लावण्यात एक अगदी साधी अडचण येते. नवी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात सीट कव्हर चढतात आणि पट्टा अडकवायचे बकल त्यांच्याखाली गडप होते. अनेक भाड्याच्या टॅक्सींत हीच स्थिती असते. प्रवाशाने बकल शोधून देण्याची मागणी करावी. घरच्या गाडीला कव्हर घालताना बकलसाठी जागा मोकळी ठेवून घ्यावी. सात आसनी गाड्यांत सामानाच्या जागेत मुलांना कोंबून बसवण्याची पद्धतही सोडायला हवी. तेथे ना पट्टा असतो, ना पाठीमागून येणाऱ्या धडकेपासून बचाव.

दुसरी अडचण आपण विकत आणलेली आहे. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालक आणि शेजारच्या प्रवाशासाठी पट्ट्याची आठवण करून देणारा इशारा सक्तीचा झाला. तो आवाज बंद पाडण्यासाठी बकलमध्ये नुसती क्लिप अडकवण्याची युक्ती निघाली आणि अशा क्लिप सर्रास विकल्या जाऊ लागल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्याचे आदेश दिले. आपल्या गाडीत अशी क्लिप असेल, तर ती आजच काढून टाकावी.

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

मोटारीचा पट्टा प्रौढ माणसाच्या मापाने बनवलेला असतो. मुलाच्या शरीराची ठेवण वेगळी असते. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, त्यामानाने मान नाजूक असते. समोर तोंड करून बसवलेल्या तान्ह्या बाळाचे डोके धक्क्यात पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड करून बसवले, तर तोच जोर पाठ, मान आणि डोके यांवर समान वाटला जातो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमान यांनी १९६४ मध्ये मागे तोंड असलेल्या पहिल्या सीटचा नमुना तयार केला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर आडवे असतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती.

मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या कमरेच्या हाडांचे टोक पुरेसे वाढलेले नसते. त्यामुळे प्रौढांचा पट्टा वर सरकून पोटावर येतो आणि धक्क्यात यकृत, आतडी किंवा मणक्याला इजा होऊ शकते. वरचा भाग मानेला टोचतो म्हणून मूल तो काखेखाली घेते, तेव्हा धोका आणखी वाढतो. या कारणांमुळे मुलाच्या वाढीनुसार तीन टप्पे पाळावे लागतात.

पहिला टप्पा मागे तोंड असलेल्या सीटचा. जन्मापासून निदान पंधरा महिन्यांपर्यंत, आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा परवानगी देईल तोवर त्याही पुढे, मुलाला असेच बसवावे. ‘पाय मावत नाहीत’ म्हणून पालक घाईने सीट फिरवतात. पाय दुमडून बसण्यात मुलाला अडचण नसते, मानेला मात्र त्या काळात आधाराची नितांत गरज असते.

दुसरा टप्पा पुढे तोंड असलेल्या, स्वतःचे पाच ठिकाणी जोडलेले पट्टे असलेल्या सीटचा. साधारणपणे १८ किलो वजनापर्यंत ही सीट वापरता येते.

तिसरा टप्पा बूस्टरचा. ही मुलाला उंच करणारी बैठक असते. तिच्यामुळे गाडीचाच पट्टा मुलाच्या कमरेवर आणि खांद्यावर योग्य जागी बसतो. पाठ असलेले बूस्टर अधिक चांगले, कारण ते पट्ट्याला खांद्यावर धरून ठेवते आणि झोपलेल्या मुलाच्या डोक्याला बाजूने आधार देते.

बूस्टर कधी सोडावे, याचे उत्तर वयात नसून मापात आहे. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटर उंची किंवा १२ वर्षे वय, यांपैकी जे आधी होईल तोवर ते वापरावे लागते. १५० सेंटिमीटरपर्यंत वापरणे अधिक सुरक्षित. घरच्या घरी तपासण्याची रीत सोपी आहे. मुलाची पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना त्याचे गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का, पट्टा कमरेच्या हाडावर आणि खांद्याच्या मधोमध येतो का, आणि संपूर्ण प्रवासात मूल तसे बसू शकते का, हे पाहावे. एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असे आले, तरी बूस्टर हवे.

एअरबॅगची दुसरी बाजू

एअरबॅग पट्ट्याला पर्याय नाही. ती पट्टा लावलेल्या प्रौढ व्यक्तीला पूरक म्हणून बनवलेली असते. निमिषार्धात प्रचंड वेगाने ती फुगते. पट्टा नसलेला माणूस फुगत्या एअरबॅगवर जाऊन आदळला, तर तीच इजा करू शकते. चालकाची छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर असावे, असे सांगितले जाते ते यासाठीच.

लहान मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे. मागे तोंड असलेली सीट पुढच्या बाजूला, चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. बाळाचे डोके त्या वेळी डॅशबोर्डच्या अगदी जवळ असते आणि एअरबॅगचा आघात सीटच्या पाठीवर थेट बसतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा प्रकारे काही तान्ह्या बाळांचे बळी गेले आणि त्यानंतरच गाड्यांच्या सूर्यरोधक झडपेवर धोक्याचे चित्र छापले जाऊ लागले. भारतात नव्या मोटारींना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाल्यापासून हा इशारा आपल्याला तितकाच लागू आहे. मुलांची जागा मागच्या सीटवर, हा नियम घरात एकदाच ठरवून टाकावा आणि हट्टापुढे तो मोडू नये.

सीट निवडताना आणि बसवताना

बाजारात काही हजार रुपयांपासून मुलांच्या सीट मिळतात. सीट महाग आहे की स्वस्त, यापेक्षा ती प्रमाणित आहे का, हे पाहावे. भारतीय मानक एआयएस-०७२ किंवा युरोपीय आर-४४ अथवा आर-१२९ या मानकांची खूण सीटवर असते. आर-४४ वजनावर आधारित आहे, तर नवे आर-१२९ मुख्यतः उंचीवर. घरातल्या घरात किंवा बाबागाडीत वापरायची साधी टोपली ही मोटारीतील सीट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

सीट गाडीत बसवण्याचे दोन प्रकार आहेत. एक, गाडीच्याच सीटबेल्टने बांधणे. दुसरा, आयसोफिक्स. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत दोन पक्क्या कड्या असतात, त्यांत सीटचे दोन दांडे ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत अडकवायचे. सोबतीला वरून बांधायचा एक पट्टा किंवा खाली टेकणारा पाय असतो. तो विसरला जाऊ नये. आपल्या गाडीत आयसोफिक्स आहे का, हे खरेदीआधी पाहावे आणि शक्य असल्यास दुकानातच सीट गाडीत बसवून घ्यावी.

बसवल्यानंतर सीट तिच्या बुडापाशी धरून हलवून पाहावी. ती अडीच सेंटिमीटरहून अधिक हलत असेल तर पुन्हा आवळावी. मुलाला बसवल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत कापडाची घडी येत असेल, तर पट्टा सैल आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून निघावेत.

नातलगाने दिलेली जुनी सीट वापरायला हरकत नाही. मात्र ती अपघातात सापडलेली नाही याची खात्री हवी आणि तिच्यावरची मुदत संपलेली नसावी. अनोळखी माणसाकडून वापरलेली सीट घेऊ नये. उन्हात उभ्या गाडीत सीटची बकले चटका देण्याइतकी तापतात, म्हणून बसवण्यापूर्वी हात लावून पाहावे. आणखी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. सीटवर झोप लागली म्हणून मुलाला बंद गाडीत एकटे ठेवून क्षणभरही जाऊ नये.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ (३) नुसार चालक, पुढचा प्रवासी आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरील प्रवासी या सर्वांनी वाहन चालू असताना पट्टा लावणे बंधनकारक आहे. मागचा पट्टा ऐच्छिक आहे, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब समाविष्ट झाले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ते अमलात आले. पट्टा न लावणाऱ्या, तसेच पट्टा न लावलेल्या प्रवाशांना नेणाऱ्या चालकाला एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. याच कलमाच्या दुसऱ्या भागात १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने सुरक्षित केले नसेल, तर तेवढाच दंड सांगितला आहे. ही जबाबदारी चालकाची आणि वाहन तसे चालवू देणाऱ्याचीही आहे. मिस्त्री यांच्या अपघातानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याच्या अंमलबजावणीची घोषणा केली होती.

गाडी घेताना सुरक्षेची तुलना करण्याचे साधनही आता उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुण ठेवलेले असून दोन्हींचे तारे स्वतंत्र दिले जातात. मात्र मुलांच्या सुरक्षेचे गुण चाचणीत मुलांच्या आकाराचे पुतळे योग्य सीटमध्ये बांधून मोजलेले असतात. पाच ताऱ्यांच्या गाडीत मांडीवर बसलेल्या मुलाला त्यातील एकही तारा उपयोगी पडत नाही.

सवय कशी लावावी

‘आमचे मूल सीटमध्ये बसतच नाही, रडते’ ही पालकांची नेहमीची तक्रार असते. जे मूल पहिल्या दिवसापासून सीटमध्ये बसते, त्याला दुसरी पद्धत ठाऊकच नसते. उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी आधी सीट घरात आणून मुलाला तिच्यात खेळू द्यावे, मग छोट्या फेऱ्या माराव्यात. दूरच्या प्रवासात दीड-दोन तासांनी थांबून मुलाला मोकळे करावे, पाजायचे असेल तर गाडी उभी करूनच पाजावे. रडणे ऐकून धावत्या गाडीत एकदा जरी पट्टा सोडला, तरी रडले की सुटका होते हे मूल शिकते. छतावरच्या उघड्या खिडकीतून मुलाला उभे करून वारा खाऊ घालण्याची हौस तर कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नाही.

खरा अडथळा अनेकदा मुलापेक्षा मोठ्यांचा असतो. ‘तुम्हांला काय आम्ही सीटमध्ये बांधून वाढवले?’ हा आजी-आजोबांचा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्यावर वाद घालण्याऐवजी रस्ते, वेग आणि वाहनांची संख्या तेव्हा आजच्यासारखी नव्हती, एवढे सांगावे. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या अनेक मराठी आजींना हे वेगळे सांगावे लागत नाही. तेथे रुग्णालयातून बाळाला घरी नेण्याआधी गाडीत सीट आहे का, हे बहुतेक ठिकाणी विचारले जाते, हे त्यांनी पाहिलेले असते. बारशाच्या भेटींत पाळणे आणि चांदीच्या वाट्या येतात. नातेवाइकांनी मिळून एक सीट दिली तर तिच्याइतकी उपयोगी भेट दुसरी नसेल.

निघण्यापूर्वी

* गाडीतील प्रत्येकाचा पट्टा लागेपर्यंत चालकाने गाडी सुरू करू नये.

* मागच्या सीटवरील सर्व बकले वर काढून ठेवलेली असावीत.

* बारा-तेरा वर्षांपर्यंतची मुले मागेच बसतील.

* मुलाची सीट हलवून आणि तिचे पट्टे चिमटीत धरून पाहावे.

* मागच्या काचेजवळच्या फळीवर जड वस्तू ठेवू नयेत. धक्क्यात त्याही पुढे उडतात.

* टॅक्सीतही हेच नियम पाळावेत.

या सगळ्याला जेमतेम एक मिनिट लागते. प्रसूतिगृहाच्या दारातून बाळ बाहेर येते, त्या दिवशी कुंची आणि दुपट्याबरोबर त्याची सीटही गाडीत बसवून तयार असावी. बाळाच्या शेजारी आजी पट्टा लावून बसलेली असावी. तिचा एक हात बाळाच्या अंगावर राहू द्यावा. मात्र बाळाला धरून ठेवण्याचे काम पट्ट्यांकडे सोपवावे.